नानासोंच्या ब्रेकचे रबर

आमच्या तासगावच्या बाजूला नानासोंइतका चिक्कू माणूस नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. ब्रेकचे रबर झिजतील म्हणून हा गडी सायकल चपलेनं थांबवतो आणि उतारावर हातात धरून चालत नेतो. बायको रंगुबाई म्हणते, "आवं, त्यापरास खांद्यावरच घ्या की तिला!"

परवा बाजारातून परतताना उतारावर नात प्रांजल अडून बसली, "आबा, आज मला एकटीला सायकलवरनं जाऊ द्या." उतार थेट ट्रॅक्टरच्या वर्दळीत उतरतो. तरी नातीपुढं नानासो विरघळले. "जा, पन ब्रेक लय दाबू नगं, रबर नवं हाय," म्हणत त्यांनी लाडानं रबरावर बोट फिरवलं. बोट नुसत्या लोखंडाला लागलं. बाजारात कुणीतरी चारही रबर काढून नेले होते.

नानासोंनी प्रांजलला जवळ ओढलं. "नवं कोरं हुतं रं, चोरा!" म्हणून शिव्या घालत होते, पण प्रांजलचं मनगट काही सोडत नव्हते.

"आबा, दुखतंय की!"

"दुखू दे."

घरी रंगुबाईनं मीठमिरच्यांनी नातीची दृष्ट काढली, आणि लगोलग त्या चिक्कू नवऱ्याचीही. कुंपणावरून मी स्वतः पाहिलं.