माळ्यावरचे चार टायर

सुधीर गेल्याची बातमी मला शौकतभाईने दिली. शौकतभाई चिऱ्याचा ट्रक चालवतो, माझ्या टायरच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. दुपारचे तीन वाजले असतील, मी एका टेम्पोचं चाक उतरवत होतो. फोनवर त्याचा आवाज चिरकत होता. "शेठ, तुमच्या दोस्ताची ती बसकी गाडी... गोळपच्या पुढे, उतारावर... बंद खाणीत गेली हो." आता शहाणा माणूस अशा वेळी काय विचारील? जिवंत आहे का, दवाखान्यात कुणी नेलं का. मी विचारलं, "मागची चाकं सरकली का?" शौकतभाई हळूच म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

मला कसं कळलं, ते सांगायलाच हे लिहायला बसलोय. सुधीरला जाऊन आता महिना उलटून गेला. एवढ्यात ज्याला त्याला तो कसा होता हे सांगायची घाई झालेली. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुलांची चित्रं आणि 'वेगाचा वेडा गेला' असले निरोप. पेपरच्या ह्याच पुरवणीत एकाने लिहिलं की वेग हेच त्याचं पहिलं प्रेम होतं आणि त्या प्रेमानेच त्याला नेलं. लिहिणारा आमच्याच वर्गातला, गेल्या वीस वर्षांत सुधीरला एकदाही भेटलेला नाही. अरे बाबा, तुला काय माहीत? त्या उतारावर शौकतभाईचा ट्रक सुधीरच्या मागेच होता. तो मला पुन्हा पुन्हा सांगतो, "शेठ, गाडी एवढी सावकाश होती की मीच हॉर्न मारला, पुढे जा म्हणून." श्रावणातली सर नुकतीच पडून गेलेली, ट्रकांमधून सांडलेल्या तांबड्या मातीचा रस्त्यावर चिखल झालेला, आणि सुधीर ताशी चाळीसच्या आतच वळण घेत होता. गाडीचा मागचा भाग असा अलगद बाहेर गेला, की जणू कुणी हाताने ढकलला. कडेला कठडा नव्हता आणि खाली चाळीस फूट खाण होती.

सुधीर आणि मी एका वाडीतले. त्याचं डोकं चांगलं चालायचं, तो शिकून बोटीवर इंजिनिअर झाला. माझं चाललं नाही, मी मारुती मंदिराजवळ टायरचं दुकान टाकलं. तो सहा महिने समुद्रात, दोन-तीन महिने घरी. घरी आला की पहिल्या दिवशी बायको-मुलीबरोबर आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानातल्या फुटक्या खुर्चीवर. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याने मुंबईहून ती गाडी आणली. दोनच सीटची, परदेशी, जुनी पण अंगात भलतीच रग असलेली. वाडीत आली तेव्हा पहिल्याच गतिरोधकाला पोट घासून अडकली आणि आम्ही चौघांनी ती उचलून पलीकडे ठेवली. आत बसलं की पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटायचं, गुडघे छातीशी. मी म्हटलं, "सुध्या, ही गाडी आहे की पंगत?" तो एवढा हसला, एवढा हसला... त्याला त्याच्या गाडीवरची थट्टा चालायची. मला माझ्या कामावरची चालत नसे. हा फरक ध्यानात ठेवा.

त्या गाडीला टायर शोधणं हा आमच्या दोघांचा एका पूर्ण सुट्टीचा उद्योग होता. माझ्याकडे येणारा माणूस विचारतो, किती किलोमीटर चालेल आणि माल किती उचलेल. सुधीरचे प्रश्न वेगळेच. त्या गाडीला पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या, जास्त रुंद मापाचे टायर लागत. सगळा जोर मागच्या चाकांवर. माप लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, तो टायर किती वेग सोसेल ते सांगणारं. मी तोवर आयुष्यात त्या अक्षराकडे ढुंकून बघितलं नव्हतं. त्याने मला ते वाचायला शिकवलं, हे कबूल करतो. पण त्याला आधी पाहिजे होता शर्यतीचा टायर, मऊ रबराचा, जवळजवळ खाचाच नसलेला. आठ दिवस आमचं भांडण चाललं. मी म्हटलं, "तू गाडी चालवणार कुठे? भाट्ये, गोळप, पावस. इथे चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने मातीचा फुफाटा. सुक्या रस्त्याला चिकटणारा टायर घेऊन काय पूजा करणार आहेस?" शेवटी त्याने ऐकलं. पाणी बाजूला फेकणाऱ्या खोल खाचांचा, ओल्यात पकड धरणारा टायर ठरला. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून चार नग आले तेव्हा आम्ही दोघं दुकानात त्यांच्याभोवती नवी सून बघायला जमल्यासारखे उभे होतो. त्याने हात फिरवला, नख दाबलं, वास घेतला. म्हणाला, "दत्त्या, ही निवड तुझी. मी उगाच पुस्तकं वाचत बसलो." एवढं चांगलं तो मला त्यानंतर कधी बोलला नाही.

आणि मग त्याने ते टायर बसवलेच नाहीत! जुन्यांच्या खाचा अजून शिल्लक आहेत, म्हणाला. एवढे चांगले टायर आत्ताच कशाला घासायचे? हे आमचं कोकणी शहाणपण. नवीन चादर पाहुण्यांसाठी, चांगली छत्री मुंबईला जाताना, आणि रोज आपली ठिगळाची. टायर घरी गेले आणि त्याच्या आईने, आमच्या काकूने, ते माळ्यावर चढवले. माळा म्हणजे न्हाणीच्या चुलीच्या वरचा. त्या घरात जे म्हणून मोलाचं, ते तिथे जायचं. कोकमं, फणसाची वाळवलेली साठं, बियाणं, पितळेची समई, सुधीरची कोरी पुस्तकंसुद्धा. खालून रोज धूर आणि ऊब, त्यामुळे बुरशी लागायची नाही, वाळवी लागायची नाही. काकूने ते टायर जुन्या लुगड्यात बांधले होते. मुलाची वस्तू तिने जपली, ह्यात तिचं काही चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. पुढे काकू गेली, मध्ये महामारीची दोन वर्षं तो बोटीवर अडकला, गाडी पडवीत झाकून राहिली. टायर वरच होते. सहा वर्षं चुलीची धग खात होते.

राग कशाचा येतो सांगू? हा माणूस बोटीवर काय करायचा, ते त्यानेच मला सांगितलेलं. इंजिनातली रबराची प्रत्येक कडी, प्रत्येक पट्टा, प्रत्येक नळी तारीख बघून बदलायची. दिसायला कितीही चांगली असो, तारीख गेली की भंगारात. "रबर बाहेरून म्हातारं दिसत नाही रे, आतून होतं," असं तो माझ्याच दुकानात बसून गिऱ्हाइकांना ऐकवायचा. हजारो मैलांवर परक्या लोकांच्या बोटीसाठी ही अक्कल आणि स्वतःच्या घरच्या माळ्यासाठी नाही! घराचा उंबरा ओलांडला की आमच्यातला शिकलेला माणूस काकूचा मुलगा होतो, आणि काकूच्या माळ्यावर ठेवलेली वस्तू खराब होते हे त्याच्या स्वप्नातसुद्धा येत नाही. माझी चिडचिड होते, त्याला गदागदा हलवून विचारावंसं वाटतं... पण कुणाला हलवू?

आता माझ्यावर येतो. ह्या वेळी सुट्टीवर आला तेव्हा त्याने गाडीच्या चाकांचा कोन, म्हणजे अलाइनमेंट, माझ्याकडून लावून घेतला. माझ्या हातून जरा चुकला, गाडी डावीकडे ओढू लागली. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दुकानात शौकतभाई आणि आणखी तीन ड्रायव्हर चहा पीत बसलेले. सुधीर सगळ्यांसमोर म्हणाला, "दत्त्या, तू आपली बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसव. हे तुझं काम नव्हे." सगळे खो खो हसले. तो थट्टाच करत होता, मला कळत होतं. पण पन्नाशीच्या माणसाला त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर... मी हसलो आणि आतून जळत राहिलो. आठ दिवस. आठव्या दिवशी सकाळी तो टेम्पोतून ते चार टायर घेऊन आला. वरचं लुगडं सोडलं, "बघ, नवे कोरे! स्टिकरसुद्धा तसाच आहे."

मी बघितलं. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनला त्याचे. ते मी वाचले. नख दाबलं, खूण उठली नाही. कडेला वाकवून बघितलं तर केसाएवढ्या बारीक चिरा. धुराचा वास तर दुकानभर पसरला होता. त्याने विचारलं, "ठीक आहेत ना?" एक शब्द पुरे होता. "नाहीत." तेवढा म्हणालो असतो तर तो बडबडला असता, शिव्या घातल्या असत्या आणि टायर परत घेऊन गेला असता. मी म्हणालो, "तू शिकलेला माणूस. मी बैलगाडीवाला, मी काय सांगणार?" तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टेला थट्टेने उत्तर दिलं, हिशेब मिटला. "बसव मग," म्हणाला. मी बसवले. रबर एवढं ताठ झालेलं की रिंगवर चढताना कुरकुरत होतं, यंत्राला जोर लागत होता, आणि तरी मी बोललो नाही. माझ्या मनात काय होतं तेही सांगून टाकतो. कुठेतरी फाटकाशी गाडी जराशी घसरेल, तो घाबरेल, दुकानात येईल आणि सगळ्यांसमोर म्हणेल, दत्त्या, तुला कळतं बाबा. तेवढंच हवं होतं मला. टायर बसवल्यापासून अकराव्या दिवशी शौकतभाईचा फोन आला.

बाराव्यापर्यंत मी रोज त्या घरी जात होतो, सगळी धावपळ मीच केली. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा. सुधीरची बायको, माधवीवहिनी, रडल्या नाहीत. त्या सुधीरवर संतापल्या होत्या. आल्यागेल्याला एकच सांगायच्या, "त्याला आम्ही नको होतो, गाडी पळवायची होती. पळवली." दहावीतली त्यांची मुलगी गार्गी हे ऐकत कोपऱ्यात बसलेली असे. एकदा तिनेच बापाचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात उलटा ठेवला. ते मी डोळ्यांनी बघितलं. बघून घरी आलो आणि जेवलोसुद्धा. कसल्या मातीचा बनलाय माणूस, कोण जाणे. पण त्यानंतर रोज दुकान उघडताना ती पोर डोळ्यांसमोर यायची. मी गप्प राहिलो तर ती जन्मभर बापाचा तिरस्कार करणार होती, आणि तोही त्याने न केलेल्या गुन्ह्यासाठी.

गेल्या रविवारी सकाळी गेलो. पडवीत एक मोठं पोतं बांधून ठेवलेलं होतं. वरून सुधीरचे बोटीवरचे बूट डोकावत होते. वहिनी म्हणाल्या, "त्याचं सगळं सामान आहे. कुणी नेणार असेल तर बघा भावोजी, मला घरात नको." मी पायरीवर बसलो आणि सांगितलं. आकडे, नख, चिरा, बैलगाडी, सगळं. शौकतभाई काय म्हणाला तेही सांगितलं. मला रडू फुटलं, पण त्यांनी पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच केलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तो हळू चालवत होता?"

"हो."

"आणि मी महिनाभर त्याला..." मग त्यांनी आत बघून हाक मारली, "गार्गी, बाहेर ये. भावोजी, आता मला सांगितलंत ते हिला सांगा. काही गाळू नका." मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं, कारण ती पोर माझ्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "बाबांनी तुम्हाला विचारलं होतं ना, ठीक आहेत का म्हणून?" मी होय म्हणून मान हलवली. ती उठून आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"पेपरात लिहा हे," वहिनी म्हणाल्या. "जिथे त्याला वेगाचा वेडा म्हणून छापलं तिथेच." मी हो म्हटलं. मग त्या उठल्या आणि ते पोतं आत ओढू लागल्या. पोतं जड होतं, उंबऱ्याला अडलं. एक बूट बाहेर घरंगळला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. मी तो उचलायला वाकलो.

"तुम्ही हात लावू नका," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी बूट स्वतः उचलला, पदराने पुसला आणि पोत्याबरोबर आत नेला.