वस्त्रगाळ एस्प्रेसो

सर्व संबंधितांस, विशेषतः आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या स्वयंपाकघराच्या छतावरचे तपकिरी शिंतोडे गळतीचे नाहीत. वरच्या मजल्यावरच्या बिचाऱ्या कुटुंबाला दिलेली नोटीस मागे घ्यावी. ते शिंतोडे खालून वर गेले आहेत. त्या स्फोटाला मी हजर होतो. माझ्या पायाच्या अंगठ्याचं नखही हजर होतं. ते आता नाही.

यंत्र माझ्या धाकट्या बहिणीचं. आयटीतल्या नोकरीनं तिची झोप आणि संसार दोन्ही खाल्ल्यावर तिनं राजीनामा दिला, नारायण पेठेत आमच्याकडे राहायला आली आणि सामानात फक्त कपडे आणि हे पोलादी धूड घेऊन आली. वाघोलीच्या एका कॉलेजात कॉफीचा काउंटर टाकायचा, हा तिचा बेत.

तोवर आमच्या घरात कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ आणि शांतता. एस्प्रेसो म्हणजे मारामारी, हे आम्हाला नवीन होतं. मूठ लावलेल्या जाळीच्या वाटीत ताजी दळलेली पावडर भरायची, वरून पोलादी ठोकळ्यानं खांद्याचा जोर लावून चेपायची, वाटी यंत्रात गच्च अडकवायची आणि उकळीच्या जरा अलीकडचं पाणी तिच्यावर प्रचंड दाबानं सोडायचं. पावडरीनं झुंज द्यायची आणि शेवटी हरायचं, एवढीच सगळी कला. पावडर जाड असली तर ती लढतच नाही. पाणी सुसाट पळतं आणि कपात आंबट, पाणचट काहीतरी पडतं. फार बारीक असली तर मरेस्तोवर वाट अडवते आणि थेंब थेंब विष उतरतं. मधोमध कुठेतरी काकवीसारखी धार लागते.

ही मधली जागा शोधताना बहिणीनं काय काय सोसलं. वाफेच्या नळीनं मनगट भाजलं, चेपून चेपून तळहात काळानिळा झाला. चव बिघडली की ती वाटी ओट्याच्या कडेवर अशी आपटायची की आतला चोथा गोळीसारखा उडायचा. एकदा कडप्प्याचा टवका उडाला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ वर आले, दार पूर्ण उघडायचीही वाट न बघता म्हणाले, "आपल्याकडे खून चालू असेल तर एका घावात उरकावा. हप्त्याहप्त्यानं ऐकवत नाही."

मग तो रविवार आला. कॉलेजचं कँटीन चालवणारे गृहस्थ चव घ्यायला येणार होते. तीन पिढ्या लष्कर भागात बेकरी, स्वतः चहाचे भक्त, भिडस्त माणूस. कॉफी आवडली तर काउंटर बहिणीचा. नाही आवडली तर जुन्या कंपनीनं तिची खुर्ची सोमवारपर्यंत रिकामी ठेवली होती. त्या खुर्चीचं नाव निघालं की बहिणीचा जबडा आवळला जायचा.

आता आत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, मनगटं पैलवानाची. घरातल्या सगळ्या अडलेल्या बरण्या तीच उघडते. पाहुणा पहिल्यांदा येणार आणि त्याला भरड पावडरीची कॉफी द्यायची, हे तिच्या संस्कारात बसेना. सुंठ वस्त्रगाळ, मेतकूट वस्त्रगाळ, मग कॉफीनं काय पाप केलंय? बहीण अंघोळीला गेली तेवढ्यात आत्यानं दळून झाकून ठेवलेली पावडर खलबत्त्यात घातली, कुटली, पंच्यातून गाळली, अंमळ जायफळ उगाळून घातलं आणि डबा जागेवर ठेवला.

पाहुणे पांढऱ्याशुभ्र शर्टात ओट्याशेजारच्या स्टुलावर बसले. बहिणीनं पावडर भरली, चेपली, वाटी अडकवली, बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. मग कण्हलं. मग दाव्याला हिसडे देणाऱ्या बैलासारखं थरथरायला लागलं. कपात एक थेंब नाही.

बहिणीनं बटण बंद केलं. "कुणी हात लावू नका. आत दाब अडकलाय. आपोआप उतरू दे."

"अगं, अडकलंय नुसतं," आत्या म्हणाली.

"आत्या, नको."

"बरणीसारखंच असतं ते."

आत्यानं सांडशीनं मूठ पकडली आणि हिसका दिला.

आवाज सुतळी बॉम्बचा होता. वाटी तोफगोळ्यासारखी सुटून माझ्या अंगठ्यावर उतरली. उकळता चिखल छतावर गेला, फ्रीजवर गेला, पाहुण्यांच्या शर्टावर गळ्यापासून पोटापर्यंत गेला. ते मनगट धरून "या अल्ला" म्हणत उभे राहिले आणि स्टूल मागे आडवं झालं. मी एका पायावर नाचत होतो. आत्याला काही झालं नव्हतं. तिच्या चष्म्याची एक काच फक्त तपकिरी झाली होती.

बहीण वाटीतली बोटभर राड हुंगत होती. "यात जायफळ आहे."

"थोडंसंच. आणि भरड होती ग, मी वस्त्रगाळ केली."

बहिणीनं ओट्यावरचा बत्ता उचलला. क्षणभर मला खरंच वाटलं की आता एक तरी जाणार, यंत्र किंवा आत्या. आयुष्यात पहिल्यांदा ती आत्यावर ओरडली, आणि असं ओरडली की खालच्या गृहस्थांनी काठीनं छत ठोकायला घेतलं. "माझं आयुष्य आहे ते. तुझी सुंठ नाही." मग बत्ता मोरीत भिरकावला, पाहुण्यांचं मनगट नळाखाली धरलं आणि म्हणाली, "पाच मिनिटं बसा. कॉफी पिऊनच जायचं."

पाहुणे बसले. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

तिनं बिया नव्यानं दळल्या. उडालेली वाटी उचलताना तिच्या हाताचा अंगठा कापला होता, ठोकळ्यावर रक्ताचा ठसा उमटला, तरी ती वाकून सगळा संताप त्या वाटीत चेपत राहिली. बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, क्षणभर अडलं, आणि दाट, लालसर धार सुटली.

पाहुण्यांनी भाजलेल्या हातानं कप उचलला. एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला.

"जायफळ नाही ना, म्हणून कडू लागत असेल," आत्यानं समजूत घातली.

पाहुण्यांनी कप रिकामा केला, आत्याच्या हातातल्या सांडशीकडे पाहिलं, आणि त्या भिडस्त माणसाच्या तोंडून निसटून गेलं, "ताई, वाघोलीला तुम्ही उद्यापासून या, पण आत्यांना आणू नका."