अळणीमामांची फ्लॉवरची प्लेट

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ज्याची हयात गेली, त्या माणसाला सारी गल्ली अळणीमामा म्हणते. त्या नावाचं मामांना वाईट वाटत नाही. वाईट कशाचं वाटतं, ते ऐका. इतकी वर्षं माणसं जेवू घातली, पण "अजून आहे का?" असं एकानंही कधी विचारलं नाही. ताटं खिडकीतून बाहेर जायची आणि अर्धीमुर्धी परत यायची.

घरी तर ओट्याजवळ फिरकायची सोय नव्हती. "तुमच्या हातचं खाल्लं की अंगात ताप असल्यासारखं वाटतं," मामी म्हणायच्या. बाईच्या जिभेला हाड म्हणून नाही! मामा निमूटपणे पेपर उघडून बसायचे.

मामा निवृत्त झाले, आणि लेकीचे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला यायचं ठरलं. तेव्हा मात्र मामांनी जाहीर करून टाकलं, "स्टार्टर मी करणार. फ्लॉवरचं."

मामींनी कपाळाला हात लावला.

"करू दे ना गं आई," लेक म्हणाली. "बाकीचं जेवण तुझंच आहे की."

"बिघडलं तर माझ्या नावानं खडे फोडू नका, म्हणजे झालं!"

कृती मामांनी टीव्हीवर पाहिली होती. गड्ड्याचे देठासकट जाड काप काढायचे. पहिल्या गड्ड्याचा भुगा झाला. देठच आधी छाटून टाकला, मग तुरे धरून ठेवणार कोण? दुसऱ्या गड्ड्याचा देठ राखला. काप लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस परतले, मग ओव्हनमध्ये ठेवले. सुटे तुरे दुधात शिजवून वाटले, चाळणीतून गाळले. मऊ करण्यातच आयुष्य गेलेलं, तिथे हात कशाला अडतोय! प्लेटमध्ये आधी ते पांढरंशुभ्र वाटण पसरलं, वर एकेक काप ठेवला, त्यावर भाजलेले बदाम आणि लिंबाची किसलेली साल. मामी डोकावून गेल्या आणि चक्क काही बोलल्या नाहीत.

चाखून मात्र मामांनी पाहिलं नाही. आळस नव्हे हो! हॉस्पिटलचा नियमच तसा होता. स्वयंपाक्यानं तोंडात काही घालायचं नाही, चव डाएटिशियन बाई घेणार, आणि मिठाची पुडी ताटात वेगळी जाणार. ती सवय हाडीमाशी खिळलेली.

प्लेटा टेबलावर गेल्या. मामा दाराआड उभे, जीव टांगणीला. विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा ग्लास उचलला. "दिसायला सुंदर आहे हं," व्याही म्हणाले. जावयानं मान खाली घातली. मामींनी घास घेऊन दाराकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मामांना लग्नापासून ठाऊक होता.

त्यांनी भांड्याला लागलेलं वाटण बोटानं चाटलं. अळणी! पार अळणी! लाजेनं कान तापले. मागच्या दारानं निघून जावं असं वाटलं. पण मिठाची वाटी उचलून ते सरळ टेबलापाशी गेले.

"मीठ राहिलं. चूक माझी आहे."

"अहो, मला वाटलं माझं ब्लडप्रेशर तुमच्या कानावर गेलंय!" व्याही म्हणाले आणि खो खो हसत सुटले.

मामांनी प्रत्येकाच्या प्लेटवर चिमटीनं मीठ भुरभुरलं. मग ते दाराआड परत गेले नाहीत, तिथेच उभे राहिले. आजवर त्यांनी परत आलेली ताटं पाहिली होती. खाणारी तोंडं आज पहिल्यांदा पाहत होते, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

सगळे खाण्यात गुंतले होते. मामींनी पावाच्या तुकड्यानं प्लेट निपटून घेतली आणि मान वर केली.

"अहो, अजून आहे का?"

मामा लगबगीनं ओव्हनकडे वळले. पण तिथे काय असणार, कपाळ! डोकी मोजून शिजवायची सवय. काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

"संपलं," ते कसेबसे म्हणाले. "माणशी एकच केला होता."

"कमाल आहे बाई तुमची! मग उद्या करा. आणि मोजू नका."

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडून मामांनी सवयीनं एकच गड्डा घेतला. कोपऱ्यापर्यंत गेले, थबकले आणि परत फिरले.

"अजून एक द्या," ते म्हणाले. "आमच्या घरी लागतो."