मामांचं अळणी सार

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मामांइतका वाईट स्वयंपाक कुणी केला नसेल, आणि मामांच्या हातचं जितक्या घरांनी खाल्लं तितक्या घरांनी पट्टीच्या आचाऱ्याचंही खाल्लं नसेल. मामा नात्याने कुणाचेच मामा नव्हते. इंग्रजीचे निवृत्त मास्तर. कुणावर वाईट दिवस आले की आधी ते लांब राहायचे, पाहुणेरावळे ओसरू द्यायचे. घर रिकामं झालं की आपली पळी पंच्यात गुंडाळून दारात हजर. ‘‘थोडे दिवस मी पाहतों. जस्ट टु टाइड ओव्हर,’’ म्हणत थेट शेगडीपाशी. म्हणजे काय, असं विचारलं तर सांगायचे, ‘‘पाणी उतरेपर्यंत हात धरायचा. मग सोडायचा.’’ त्यांचा उपमा सुरीने कापावा लागे. पाय मोडलेल्या शेजारणीला डॉक्टरांनी केव्हाच चालायला सांगितलं होतं, पण तिचा धीर होईना. तो उपमा खाल्ल्यावर ती भिंत धरधरून स्वयंपाकघरात आली. मामांनी लगेच पळी गुंडाळली.

आमचे अप्पा गेले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. जेवायची, पण बोलायची नाही. ती अशीच राहील, या भीतीने मी अर्धा झालो होतो. मामा आले आणि रोज अळणी सार करू लागले. मी कुरकुरलो तर डोळे वटारून म्हणाले, ‘‘गप जेव.’’ एके दिवशी आईने घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि उठली. ‘‘सरका, मामा. मीठ कशास म्हणतात तें तरी ठाऊक आहे का तुम्हांस?’’ तिने नवी फोडणी घातली. त्या वासाने मला रडू आलं. मामा केव्हा निघून गेले ते कळलंही नाही.

मागच्या महिन्यात मामी गेल्या. मामींच्या आजारपणात स्वयंपाक मामाच करत आणि मामी बोटं चाटून जेवत, हे गल्लीला तेव्हा कुठे समजलं. पाहुणे आपल्या गावी, तिरुवैयारूला, परतल्यावर मी पळी घेऊन गेलो आणि मुद्दाम अळणी सार केलं. मामांनी ते मुकाट्याने संपवलं. दुसऱ्या दिवशीही संपवलं.

काल मात्र त्यांचा हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘मीठ नाहीं ह्यांत.’’

‘‘डबा कोठें आहे मज ठाऊक नाहीं, मामा,’’ मी म्हणालो.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मामींच्या फळीवरून मिठाचा डबा काढला.

मी पळी पंच्यात गुंडाळली. निघावंसं मात्र वाटेना.