सासूबाई, पांढरी गोळी

गावात त्यांना सगळे कर्णावहिनी म्हणत. आधी त्या बसस्थानकावर घोषणा करायच्या. सीमेवर काटेरी तारा पडल्या, अधूनमधून तोफा वाजू लागल्या, पलीकडे जाणाऱ्या गाड्या बंद झाल्या, मग अलीकडच्याही, आणि बसस्थानकात पलटणीने आपला स्वयंपाक मांडला. तेव्हा वहिनींना त्यांच्या आवाजासकट सुरक्षा कार्यालयाकडे वर्ग करण्यात आलं.

काम सोपं होतं. तारेजवळच्या पत्र्याच्या खोलीत सकाळी दहाला आणि दुपारी एकला माइकसमोर बसायचं आणि कार्यालयाने दिलेला कागद वाचायचा. छतावर शत्रूकडे तोंड केलेले सहा कर्णे होते. कागदावर नुसत्या धमक्या. पण पंधरा वर्षांची सवय कुठे जाते? वहिनी वाचायच्या, "शत्रुसैनिकांनो, कृपया इकडे लक्ष द्या. आगळीक केल्यास आपला समूळ नायनाट करण्यात येईल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." कार्यालयातल्या साहेबांनी शेवटचं वाक्य तीनदा खोडलं. चौथ्यांदा नाद सोडला.

घरी नवरा, शाळकरी मुलगी आणि एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे तो दिवसभर बाहेर. सासूबाई ठार बहिऱ्या. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलेलं. घरात वहिनींनी घसा फोडला तरी त्यांना ढिम्म ऐकू यायचं नाही. मात्र सहापैकी एक कर्णा वाऱ्याने फिरून गावाकडे वळला होता, तो त्यांना स्वयंपाकघरात अगदी स्वच्छ ऐकू यायचा.

"किती छान बोलतेस गं तिकडे," त्या सुनेला म्हणायच्या. "घरातच का तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस?"

एकदा रक्तदाबाची दुपारची गोळी घ्यायची राहिली आणि सासूबाई ओट्यापाशी चक्कर येऊन पडल्या. हाड मोडलं नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी एक वाजता वहिनींनी धमक्या वाचल्या, दिलगिरी व्यक्त केली आणि माइक बंद करायच्या आधी म्हणाल्या, "सासूबाई, पांढरी गोळी. एकच. लाल गोळी अर्ध्या तासाने."

सासूबाईंनी मुकाट्याने गोळी घेतली. पलीकडच्यांनी खंदक खणायला घेतले.

ते खणतायत म्हणून आपल्याकडचेही खणू लागले. आठवडाभर दोन्हीकडे मातीचे ढिगारे वाढत गेले, आणि ऐन दीड वाजता, म्हणजे लाल गोळीच्या वेळेला, पलीकडची सगळी फौज जमिनीवर पालथी पडते असं दुर्बिणीतून दिसू लागलं. शेवटी साहेब फाइल घेऊन आले.

"वहिनी, या सासूबाई कोण?"

"माझ्या सासूबाई."

"ते झालं. पण तुकडी कोणती?"

"साहेब, त्या घरी असतात."

साहेब खात्री करायला घरी गेले. सासूबाईंना वाटलं, शेगडीवाला आला. "तो डावीकडचा बर्नर बघ बाबा, पिवळी ज्योत येते." साहेबांनी चार वेळा ओरडून आपला हुद्दा सांगितला, मग गप्प बसून बर्नर साफ केला. जाताना नमुन्यादाखल दोन्ही रंगांची एकेक गोळी लिफाफ्यात घालून नेली.

कार्यालयात बैठक बसली. घोषणा एकाएकी थांबवली तर शत्रूचा संशय आणखी वाढेल, असं ठरलं. तेव्हापासून गोळीचं वाक्य रीतसर टंकलिखित होऊन, तीन सह्यांनिशी येऊ लागलं.

पलीकडे एक घोगऱ्या आवाजाचा निवेदक होता. तोही त्यांच्या कर्ण्यांवरून रोज आपल्याला बेचिराख करायच्या गोष्टी करायचा. एका दुपारी मध्येच थांबून त्याने विचारलं, "गोळीचं नक्की काय ते सांगा. आमची माणसं पालथी पडून पडून कंटाळली."

वहिनींनी कागद बाजूला सारला. "अहो, औषधाची गोळी. रक्तदाबाची. म्हातारं माणूस आहे, विसरतं."

पलीकडून आवाज आला, "लाल गोळी उपाशीपोटी देऊ नका. माझ्या आईला त्यानेच गरगरायचं."

वहिनींचा माइक चालूच होता, त्यामुळे हे गावाकडे वळलेल्या कर्ण्यावर सासूबाईंनीही ऐकलं आणि त्या भडकल्या. पदर खोचून, काठी टेकत, दोन चौक्या ओलांडून तडक पत्र्याच्या खोलीत. शिपायांनी "थांबा" म्हणून पाहिलं, पण ते त्यांना ऐकू कुठे येतंय! सुनेला ढकलून त्या माइकसमोर बसल्या.

"कोण रे तू? माझ्या घरात कोणी उपाशी नसतं! माझी सून पाणी प्यायच्या आधी मला जेवायला वाढते!"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, तेही दोन देशांच्या साक्षीने.

सासूबाई चाळीस मिनिटं बोलल्या. तोफांच्या हादऱ्याने फुटलेल्या बरण्या, खंदकापायी उखडलेला वांग्यांचा वाफा, आपल्या साहेबांची वाढलेली ढेरी, काही सुटलं नाही. साहेब धावत येऊन हातवारे करत होते, तर सासूबाईंना वाटलं, चांगलं चाललंय म्हणून सांगतोय. शेवटी म्हणाल्या, "आणि दोन ते चार माणसं झोपतात. लाजा वाटू द्या."

चौकशी झाली. सासूबाईंना समजपत्र मिळालं. वहिनींची बदली जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली आणि माइकवर ध्वनिफीत लागली. तिच्यात दिलगिरी नव्हती. पलीकडून दुसऱ्याच दिवशी लेखी निषेध आला की नवा आवाज उद्धट आहे.

दोन ते चारचं मात्र कोणी काही ठरवलं नाही, कुठे लिहिलं नाही. पण त्या वेळात अजून एकही तोफ वाजलेली नाही. वहिनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी येतात, सासूबाईंच्या शेजारी आडव्या होतात, आणि दोघी घोरतात.