डोंगरातला बारवाला

कुठेही धडाका झाला, रस्त्यात टायर फुटला किंवा वरातीत फटाके वाजले, की यल्लप्पा चालता चालता थांबायचा आणि त्याची बोटं एकेक करून मुडपायला लागायची. मुलुंडच्या डोंगरातल्या दगडखाणीचा तो बारवाला, म्हणजे सुरुंग उडवणारा. आवाज मोजणं हेच त्याचं काम.

खाणीभोवती एक वस्ती उभी राहिली होती. सोलापूरकडून आलेल्या वडारांची घरं, चहाची टपरी, पिठाची गिरणी, यल्लम्माचं देऊळ. शाळा येणार येणार म्हणेपर्यंत वस्तीच संपली.

बार लावले की यल्लप्पा लाल फडकं हलवायचा आणि माणसं आडोशाला जायची. सुरुंगाची जितकी भोकं तितके आवाज व्हायला हवेत. एक जरी कमी पडला तरी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी वर जायचं नाही. मोजणी जुळली की तो एकटा वर जाऊन नजर टाकायचा आणि ओरडायचा, "मोकळं!" मग गिरणीचा पट्टासुद्धा फिरू लागायचा. तो म्हणायचा, "हितं दोगांचं चालतं, मालकाचं आन् माझ्या तोंडाचं. मालकाला खोटं परवडतं, मला न्हाई."

मग डोंगरासमोर सात मजली इमारत झाली. आमची. कापडगिरणीतून वेळीच निघून कारकुनी पकडलेल्या बाबांनी लालबागची खोली सोडून तिथे घर घेतलं. पाहुणे आले की ते भिंतीवर मूठ आपटून दाखवायचे. म्हणायचे, "समोरच्याच डोंगराची खडी आहे."

एके दिवशी एक बार उडालाच नाही. पण दुसऱ्या एका बाराचा आवाज आमच्या भिंतीवर आपटून परत आला आणि यल्लप्पाचं बोट मुडपलं. मोजणी जुळली. न फुटलेलं भोक ढिगाऱ्याखाली होतं. तो "मोकळं" म्हणाला. त्याचा बालमित्र हणमंता पुढे झाला आणि त्याने पहिली पहार मारली, ती नेमकी त्या भोकावर.

मी तेव्हा कॉलेज सांभाळून कामगारांसाठी पत्रकं लिहीत असे. मालकाने साधा भोंगा दिला नाही, समोर इमारत उठली तरी मोजणीची पद्धत बदलली नाही, सगळ्यांचे जीव एका माणसाच्या कानांवर टाकले, असं मी जळजळीत लिहिलं आणि टपरीवर यल्लप्पाला वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कागदवाले, समदं खरं हाय. पर 'मोकळं' कोन म्हनलं, त्ये कुटं लिवलंय?"

मी तावातावाने सांगितलं, की ही लाज तुझी नाही, मालकाची आहे.

"मग यिऊ द्या की त्येला ती न्यायला."

मालक आला नाही. आमच्या इमारतीतूनही कुणी वस्तीत गेलं नाही. पुढे हादऱ्यांनी आमच्या भिंतींना तडे गेले तेव्हा मात्र सोसायटीने वरपर्यंत धाव घेतली, बाबा सगळ्यांच्या पुढे. खाण बंद झाली ती त्या तड्यांसाठी. हणमंतासाठी नाही.

हणमंता गेला त्या दिवसानंतर यल्लप्पाने 'मोकळं' हा शब्द उच्चारला नव्हता. फडकं दुसऱ्याकडे गेलं होतं. हणमंताच्या बायकोचं, सखूबाईचं दार वाटेत लागू नये म्हणून तो देवळामागून वळसा घेऊन जायचा.

वस्ती उठली त्या सकाळी ट्रकवर भांडी, पत्रे, पोरं चढली. यल्लप्पा देवळाआड उभा होता. ड्रायव्हर घाई करत होता. सखूबाईने वरूनच हाक मारली.

"भावजी, लपताय कशापायी? तुमी बोलल्याबिगर हितनं कोन हललंय आजवर?"

तो बाहेर आला. वाकून चाकांखाली पाहिलं, पोरांचे हात आत घ्यायला लावले, ट्रकभोवती एक फेरी मारली. मग पुटपुटला. शेजारी असून मलाही नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं," सखूबाई म्हणाली.

"मोकळं!"

यल्लप्पाने एक बोट मुडपलं. तेवढ्यात तोच शब्द आमच्या भिंतीवरून परत आला. यल्लप्पाने तिकडे पाहिलं. दुसरं बोट तसंच ताठ राहिलं. बाल्कनीत उभे असलेले बाबा आत गेले.

ट्रक उतारावरून दिसेनासा झाला. माझ्या पिशवीत उरलेली पत्रकं होती आणि मला घरी जायचं होतं, त्याच भिंतीआड.