शेवटच्या पानावर माझा आवाज

आर्वीजवळच्या एका खेड्यात मी शिक्षिका होते, तेव्हा आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. सोबत इंग्रजी चित्रपुस्तकांच्या सीडी, आणि त्यावरून मुलांना वाचायला शिकवा असा हुकूम. माझंच इंग्रजी यथातथा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! कुरकुर करतच मी सीडी लावली.

एका पुस्तकात हरवलेली कोंबडी शोधायची होती. टोपलीवर क्लिक केलं की आवाज विचारी, ‘इज शी इन द बास्केट?’ झाकण उघडायचं, ‘नो.’ असं करत शेवटच्या पानावर, गवतात, ‘यस!’ पोरं खूश. मग मी म्हटलं, आता आपापलं पुस्तक करा. माउसनं चित्रं काढा, खाली वाक्य लिहा, माइकवर वाचून आवाज भरा. कुणी बकरी हरवली, कुणी चप्पल.

चौथीतल्या एका मुलीनं आई हरवली.

तिची आई चार महिन्यांपूर्वी गावच्या विहिरीत पाय घसरून गेली होती. मुलगी तेव्हा मावशीकडे होती. बाप शाळेत येऊन मला म्हणाला, “तिले सांगू नका, मॅडम. माय मामाच्या गावाले गेली म्हणा. लहान हाय, इसरून जाईन.” सगळं गाव तेच म्हणायचं. मीही म्हटलं. तेव्हापासून शाळा सुटली की ती थांब्यावर बसायची, आर्वीहून येणाऱ्या एसटीची वाट बघत. मी मागच्या वाटेनं घरी जायचे. तिच्यासमोरून जायची लाज वाटायची.

तिचं पुस्तक तपासायला मी कॉम्प्युटरच्या खोलीत एकटीच बसले. दुपार होती, पण धुळीपायी खिडक्या लावलेल्या. पहिल्या पानावर चूल. स्पीकरमधून तिचा बारीक आवाज आला, ‘इज मदर इन द किचन?’ क्लिक केलं. ‘नो.’ मग एसटी. ‘नो.’ मग मामाचं घर. ‘नो.’

शेवटच्या पानावर एक काळा गोल होता, त्यावर लोखंडी जाळी. गावानं नंतर बसवलेली. ‘इज मदर इन द वेल?’ मी क्लिक केलं. नुसती खरखर, आणि त्या खरखरीत कुणाचा तरी श्वास. पुन्हा क्लिक केलं. पुन्हा श्वास.

“तिथं मी बोललीच नाई, मॅडम.” ती दारात उभी होती. कधी आली, कळलंच नाही. “तिथं तुमी बोला.”

“मी काऊन?”

“मामा काल एकटाच आलता. मायचं पुसलं तं इहिरीकडे पाहून रडला. तुमाले माहीत हाय.”

मला राग आला. बापाचा, गावाचा, सगळ्यात जास्त माझा. ‘नो’ म्हणणं सोपं होतं. ती पुन्हा थांब्यावर जाऊन बसली असती. मी माइक धरला आणि ‘यस’ म्हणाले.

तिनं क्लिक केलं. माझाच आवाज मला परक्या बाईचा वाटला. तीनदा ऐकला तिनं. रडली नाही. घंटा झाली, तशी दप्तर घेऊन निघून गेली.

मी थांब्यावर धावले. आर्वीची गाडी आली, दोन बायका उतरल्या, गाडी गेली. ती नव्हती. विहिरीकडे पळाले.

ती जाळीवर पालथी पडून, तोंड जाळीला लावून, हळू आवाजात सांगत होती, “माय, मी थांब्यावर बसून राह्यली होती वो. तू इथं हायेस, हे मले कोणी सांगतलंच नाई.”